ताटलीतलं वर्तुळ आणि सासूबाईंचा पाय

पत्र थोडक्यात: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सुनेने लिहिलंय, नावगाव देत नाही. घरात सासूबाई, वय ६७, डायबिटीस १२ वर्षांपासून. तुळस, निर्गुडी, हळद आणि कडुलिंब घालून त्या नारळाच्या तेलात एक तेल कढवतात, त्यांच्या आईकडून आलेली कृती, गावात कुणाला खाज आली, कापलं, भाजलं की लोक वाटी घेऊन यांच्याच दारात. जूनच्या शेवटी कुळागरात, म्हणजे माडापोफळीच्या बागेत, अनवाणी फिरताना सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याखाली काहीतरी टोचलं. तीन आठवडे झाले, जखम भरत नाही, थोडं पाणी येतं, "पण दुखत मात्र अजिबात नाही". हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांनी ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक लिहून दिलं, ते कपाटात तसंच पडून आहे कारण सासूबाईंचं म्हणणं, गोळ्या गरम पडतात आणि माझं तेल आहे की. त्यात भाचा मायक्रोबायोलॉजी शिकतो, त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ह्याच पाल्याचा अर्क तपासला आणि अँटिबायोटिकपेक्षाही मोठं वर्तुळ आलं, वहीच्या पानाचा फोटो पत्रासोबत आहे. आता बचतगटातल्या बायका म्हणतायत चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी बाटल्या भरूया, लेबलवर "१००% नॅचरल, अँटिबॅक्टेरियल, अँटिऑक्सिडंट, डायबिटीसच्या जखमांवर गुणकारी" असं छापूया. नवरा म्हणतो आईला दुखवू नको. पत्राचा शेवट असा: "विज्ञानाने सिद्ध झालंय तर मी घाबरते ते चूक का? तेलावर भरवसा ठेवू की गोळ्यांवर? आणि लेबल छापू का?"

वहिनी,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत पण माझ्या डोक्यात तुमचं एकच वाक्य अडकून बसलंय, "दुखत मात्र अजिबात नाही". तुम्ही ते बरं लक्षण म्हणून लिहिलंय. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. बारा वर्षं साखर वाढलेली असली की पायाच्या नसा बधिर होत जातात, खिळा घुसला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही, म्हणून तर सासूबाईंना "काहीतरी" टोचलं, काय ते त्यांनाही सांगता येत नाही. दुखणं म्हणजे शरीराने दिलेली हाक असते, इथे हाक मारणाराच मुका झालाय. तीन आठवडे न भरलेली, पाणी येणारी जखम, तीही डायबिटीसवाल्याच्या तळपायाला, हे तेल की गोळी असं बसून ठरवायचं प्रकरण नाही हो. आज दाखवा. हे सदर तुम्ही संध्याकाळी वाचत असाल तर उद्या सकाळी पहिल्या बसने, पण त्यापुढे नको. आणि कपाटातली ती जुनी चिठ्ठी काढून गोळ्या सुरू करू नका, तीन आठवड्यांपूर्वीची जखम वेगळी होती आणि आजची वेगळी आहे, डॉक्टरांना नव्याने बघू दे. आजूबाजूला लाली पसरतेय, पाय गरम लागतोय, सूज आहे, वास येतोय, कातडी काळी पडतेय, ताप किंवा थंडी वाजतेय, यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) सरळ कॅज्युअल्टी. आणि यातलं काहीच नसेल तरी निर्धास्त व्हायचं नाही, कारण डायबिटीसमध्ये आत पू असून ताप येत नाही असंही होतं.

डॉक्टरांना दोन गोष्टी आठवणीने विचारा. कुळागरातल्या मातीत टोचलंय, मग धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का. आणि जखम हाडापर्यंत गेलीय का, पायाला रक्त नीट पोचतंय का, हे तपासलंत का. कदाचित ते एक्स-रे काढतील.

आता तुमच्या भाच्याकडे येते.

मी आयुष्यातली बरीच वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये ह्याच ताटल्या बघण्यात घालवली. दर वर्षी एक तरी पोरगा किंवा पोरगी तुळशीचा अर्क घेऊन यायचीच, आणि दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडून ताटलीत ते स्वच्छ वर्तुळ दिसलं की जो चेहरा व्हायचा त्यांचा, तो मला अजून आठवतो, मी कधी कुणाचा तो आनंद घालवला नाही. भाच्याचाही घालवू नका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जेलीसारख्या आगरवर जंतू पसरवायचे, मधे छोटा खड्डा करून त्यात अर्क घालायचा, रात्रभर उबेत ठेवायचं. जंतू वाढले की ताटली दुधासारखी गढूळ होते, आणि अर्काने जिथे वाढू दिलं नाही तिथे काचेसारखा गोल राहतो. फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञाला १९२८ मध्ये बुरशीभोवती असंच जंतू नसलेलं मोकळं कडं दिसलं होतं आणि त्यातून पेनिसिलिन आलं, म्हणजे वर्तुळाला कमी लेखायचं कारण नाही. पण ते कडं दिसल्यापासून पेनिसिलिनचं इंजेक्शन माणसाला टोचेपर्यंत दहाबारा वर्षं गेली, हेही आहे ना.

वहीचा फोटो मी झूम करून वाचला. स्टॅफ नावाच्या जंतूवर अर्काचं वर्तुळ १८ मिलिमीटर, जेंटामायसिन ह्या अँटिबायोटिकचं १७. यावरून तुम्ही म्हणताय अँटिबायोटिकपेक्षा भारी. आता त्याच पानावर वर काय लिहिलंय बघा: अर्क १०० मिलिग्रॅम प्रति मिली, खड्ड्यात ५० मायक्रोलिटर. म्हणजे अर्क पडला ५ मिलिग्रॅम, आणि जेंटामायसिनच्या तयार मिळणाऱ्या कागदी चकतीत असतात १० मायक्रोग्रॅम. पाचशेपट. पाचशे माणसं एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला अशी रस्सीखेच झाली आणि पाचशेवाले हातभर पुढे गेले, तर कोण जास्त ताकदीचं म्हणायचं? शिवाय दोन वेगळ्या औषधांची वर्तुळं अशी समोरासमोर मोजता येतच नाहीत, कारण वर्तुळ किती मोठं होणार हे औषधाच्या जोरावर ठरतं तसं ते आगरमधून किती पसरतं यावरही ठरतं. सुगंधी तेलं पाण्यात विरघळत नाहीत म्हणून ती आगरमध्ये पसरत नाहीत, कधीकधी चांगल्या तेलाचंही वर्तुळ फालतू येतं. म्हणजे फसगत दोन्ही बाजूंनी.

आणखी एक. अर्क काढलाय अल्कोहोलमध्ये, आणि अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं, म्हणून एका खड्ड्यात नुसतं अल्कोहोल घालून बघायचं असतं. त्या पानावर हा कॉलम आखलाय पण रिकामा आहे. खाली ई. कोलायसमोर ८ आहे, खड्डाच ६ चा, म्हणजे जेमतेम. आणि सूडोमोनाससमोर नुसती आडवी रेघ. ती रेघ मात्र महत्त्वाची आहे. ह्या जातीच्या जंतूंना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, त्यातून वनस्पतींची बरीच द्रव्यं आत शिरत नाहीत, आणि ओल्या, चिघळलेल्या जखमांमध्ये हेच महाशय सापडतात. म्हणजे भाच्याच्याच वहीने तुम्हाला उत्तर दिलंय, कुणी शेवटची ओळ वाचली नाही इतकंच. (पोरावर रागावू नका, १८ आकडा दिसला की मोठमोठेही खाली वाचत नाहीत.)

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर कुणाच्या लक्षातच आली नाही. भाच्याने तपासला तो पाल्याचा अल्कोहोलमधला अर्क. सासूबाईंची वाटी तपासलीच नाही! ताटलीत एक वस्तू होती, बाटलीत दुसरीच भरणार आहात.

सासूबाई तेल कढवतात तेव्हा घरभर तुळशीचा वास सुटत असेल, शेजारणीला पण कळत असेल आज तेल आहे म्हणून. तो वास म्हणजेच तुळशीतलं उडून जाणारं तेल, युजेनॉल आणि त्याची भावंडं, जंतूंना मारण्याचं बरंचसं काम तेच करतात. म्हणजे जे अँटिबॅक्टेरियल म्हणून तुम्ही लेबलवर छापणार त्यातलं किती कढईत राहिलं आणि किती स्वयंपाकघराने खाल्लं हे सांगता येत नाही. उष्णतेने असं होतं याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. चीनमध्ये ‘तू योयो’ नावाच्या संशोधक बाई आणि त्यांचे सहकारी मलेरियावर एक वनस्पती तपासत होते, उकळून काढलेला अर्क धड चालेना. मग जुन्या चिनी ग्रंथात त्यांना दिसलं की ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्या असं लिहिलंय, उकळा असं नाही. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध मिळालं, २०१५ मध्ये नोबेल. बघा, जुन्या ज्ञानाचा मान राखला म्हणजे काय केलं त्यांनी? ग्रंथ डोळे मिटून डोक्यावर घेतला नाही, नीट वाचला आणि मग तपासला. आपल्याकडे गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या पुस्तकात इथल्या झाडपाल्याबद्दल लिहिलं ते पण सवाल-जवाबाच्या रूपात, म्हणजे विचारत विचारत. पणजीच्या बागेला त्याचं नाव आहे, आपण तिथे बाकावर बसून शेंगदाणे खातो.

तुमच्या सासूबाईंच्या कृतीत अक्कल नाही असं मी म्हणत नाहीये हां, उलट आहे. आयुर्वेदातल्या तेलपाकाचं माप साधारण कल्क (वाटलेला पाला) एक भाग, तेल चार, पाणी किंवा काढा सोळा असं असतं, आणि तेल झालं कधी तर वर फेस आला आणि वातीला लावून पेटवलं तर तडतड आवाज आला नाही की. तडतड म्हणजे पाणी शिल्लक. पाणी राहिलं की तेल खवटतं, बुरशी धरते. ही वातीची परीक्षा तुमच्या सासूबाई करत असतील तर त्यांनी क्वालिटी कंट्रोल केलंय, त्याला कुठली लॅब लागली नाही. पण एकदा तेल झाल्यावर त्या वाटीत किती जणांची बोटं जातात? खाज आलेल्याचं बोट, कापलेल्याचं बोट, परत तीच वाटी फळीवर. हे मी तुमच्या घराला नाही म्हणत, आमच्याही घरी तसंच होतं, माझ्या आत्तेची तेलाची वाटी वर्षानुवर्षं न धुता चालायची आणि आम्हाला त्याचं कौतुक.

आता "१००% नॅचरल". ह्या शब्दावर आपण गोंयकारांनी तरी भुलायला नको. आपल्या परसातली काजूची बी आठवा. लहानपणी मे महिन्यात पत्र्यावर बिया भाजायचो तेव्हा टरफलातलं काळं तेल उडून माझ्या मनगटाला लागलं होतं, साल निघून आली, पंधरा दिवस हात मोडून बसले, डाग कॉलेजला जाईपर्यंत होता. ते तेल नॅचरल, शंभर टक्के, आपल्या मातीतलं. आणि गंमत म्हणजे ते अँटिबॅक्टेरियलपण आहे, त्यातलं अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड लॅबमध्ये स्टॅफसारखे जंतू छान मारतं, भाच्याने तपासलं तर तुळशीला मागे टाकेल. लावाल का सासूबाईंच्या जखमेवर? बिब्बा घालाल? जंतूंना मारतं एवढ्याने काही सिद्ध होत नाही, मीठपण मारतं, उकळतं पाणी पण मारतं. ह्यातली बरीच तेलं जंतूच्या अंगावरचा पातळ पापुद्रा फाडून त्याला मारतात, आणि आपल्या पेशींना पण पापुद्राच असतो. जंतू मरेल पण भरत आलेली कातडी मरणार नाही असा मधला डोस सापडला तर औषध. तो शोधण्यातच सगळं आयुष्य जातं लोकांचं.

शिवाय जखम म्हणजे ताटली नव्हे. ताटलीत जंतू एकेकटे, उघडे, कालच पसरलेले. तीन आठवड्यांच्या जखमेत ते चिकट थर करून राहतात. पावसाळ्यात आपल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ना, वरून बादलीभर पाणी ओतलं तर हलत नाही, काथ्याने घासावं लागतं, अगदी तसं. म्हणून तर डॉक्टर जखम साफ करतात, मेलेली कातडी काढतात, ते दिसायला क्रूर वाटतं पण ते घासणं आहे. वरून तेल ओतलं की शेवाळावर तेल एवढंच होतं, आणि ओली जखम झाकून आतल्या आत शिजते ते वेगळंच.

तेल की गोळ्या, हा प्रश्नच मला जरा वाकडा वाटतो. तुमच्या घरात बाजू दोनच झाल्यात, एकीकडे आई आणि तेल, दुसरीकडे डॉक्टर आणि गोळ्या, आणि तुम्ही मधे उभ्या. पण पायाची जखम भरते ती मुळात कशाने? त्यावरचा भार काढल्याने, साफ केल्याने, साखर ताब्यात आल्याने, रक्त पोचल्याने. साखर चढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी पण सुस्तावतात, मग वरून काहीही लावा. अँटिबायोटिक लागतं ते जंतूंनी आत घर केलं असेल तरच, नुसती उघडी जखम असेल आणि इन्फेक्शन नसेल तर चांगले डॉक्टर स्वतःच गोळ्या देत नाहीत. म्हणजे सासूबाईंची गोळ्यांबद्दलची शंका अगदीच वेडी नाही, आपल्याकडे सर्दीलासुद्धा अँटिबायोटिक खाऊन खाऊन जंतूंना सवय लावलीय हे खरंच आहे. फ्लेमिंगनेच १९४५ मध्ये नोबेल घेताना सांगून ठेवलं होतं की कमी डोस घेत राहिलात तर जंतू निर्ढावतील. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणी विचारा: इन्फेक्शन आहे का, असेल तर गोळ्या किती दिवस, रिकाम्या पोटी का जेवून. गरम पडतात म्हणजे बहुतेक जळजळ किंवा जुलाब, तो त्रास खरा असतो, तो सांगितला की गोळी बदलता येते. पण सुरू केल्या की दोन दिवसांनी बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत, डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस.

सासूबाईंना हे सांगायचं कसं? नवरा म्हणतो दुखवू नको, त्याचंही बरोबर आहे, त्या तेलावर त्यांचा गावातला मान उभा आहे. त्यांना "तुमचं तेल खोटं" असं ऐकू गेलं की त्या पाय दाखवणार नाहीत, उलट लपवतील, आणि लपवलेला पाय म्हणजे मग अंगठा जातो, कधी त्याहून जास्त. मी असते तर म्हणाले असते, "आई, तुमचं तेल कातडीसाठी आहे, आणि तिथे आता कातडीच उरली नाही. कातडी येऊ दे, मग परत लावूया." हे मनधरणीचं खोटं नाही, खरंच तसं आहे. त्यांच्या डाव्या पायाला, कोरड्या टाचेला तेल चोळा की, तुम्ही स्वतः चोळा. डायबिटीसमध्ये पाय कोरडे पडून भेगा पडतात आणि भेगेतून जंतू शिरतात, तिथे तेल उपयोगाचं आहे, भिरंडाच्या म्हणजे कोकमाच्या बियांचं मुठेल, ते घट्ट तेल, तर टाचांसाठी फारच छान, चोळलं की अंगाच्या उबेने मऊ होतं. फक्त बोटांच्या बेचक्यात तेल नको, तिथे ओल राहून कुजतं. चोळता चोळता तळवा बघून घ्या, रोज, उजेडात, हे तपासणं त्यांना तपासणं वाटणार नाही. आणि कुळागरात काय घरातसुद्धा अनवाणी नको, चपला घालायच्या आधी आत हात घालून खडा आहे का बघायचा. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं बंद, त्यांना चटका कळणार नाही.

लेबलचं बोलते. छापू नका. एक तर "डायबिटीसच्या जखमांवर" हे छापणं कायद्यात बसत नाही, १९५४ चा औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे त्यात डायबिटीसचं नाव यादीतच आहे. दुसरं, बरं करतं असा दावा केला की तेलाचं औषध होतं, आणि औषध बनवून विकायला लायसन्स लागतं, आयुर्वेदिक असलं तरी. नुसतं अंगाला लावायचं तेल म्हटलंत तरी ते कॉस्मेटिकमध्ये जातं, त्यालाही लायसन्स आहेच. बचतगटातल्या बायकांना हे ऐकून वाटेल की ही बाई आली पाणी ओतायला, पण विचार करा, तुमच्या लेबलवर विसंबून वाळपईच्या बाजारातून कुणीतरी बाटली नेली आणि त्याच्या म्हाताऱ्या आईने गोळ्या कपाटात ठेवल्या, तर? तुमच्या घरात आत्ता जे चाललंय तेच, फक्त शंभर घरांत. एकदा फूड अँड ड्रग्सच्या ऑफिसात जाऊन विचारा काय लागतं ते, शिरोड्याला आयुर्वेद कॉलेज आहे, धारगळला आयुर्वेदाची मोठी संस्था झालीय, तिथल्या लोकांना कृती दाखवा. चवथ गाठायचीच असेल तर सोलां (सुकवलेली कोकमं), आगळ (कोकमाचा रस), पातोळ्यांसाठी हळदीची पानं, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, ह्यात हात घाला, चवथीच्या आधी ह्यालाच गिऱ्हाईक असतं, आणि कुणाचा पाय पणाला लागत नाही. सोलां-आगळ पॅक करून विकायला खाद्यपदार्थाचं रजिस्ट्रेशन करावं लागेल, ते त्यामानाने सोपं.

"अँटिऑक्सिडंट" शब्दाचं एक राहिलं, म्हणजे पेशींना इजा करू शकणाऱ्या ऑक्सिडंट द्रव्यांना अडवणारं. लॅबमध्ये जांभळ्या रंगाचं एक द्रावण असतं, डीपीपीएच म्हणतात, अर्क घातला की ते पिवळं पडतं, जेवढं पिवळं तेवढं अँटिऑक्सिडंट जास्त. चहाने पिवळं पडतं, आपल्या सोलांच्या आगळाने पडतं. चांगली टेस्ट आहे, तेल खवट होऊ नये म्हणून काय घालावं हे शोधायला तर फार उपयोगी. पण काचेच्या नळीतला रंग उतरला म्हणून माणसाचं वय उतरत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला, त्यात काहींना बीटा-कॅरोटिन दिलं, तेही अँटिऑक्सिडंटच, सगळ्यांना वाटलं कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला, ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. आणि जखमेपुरतं बोलायचं तर आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात तेच मुळी ऑक्सिडंट तयार करून, अंगातलं ते ब्लीचच म्हणा. मग सगळे ऑक्सिडंट वाईट असं धरून कसं चालेल? भरपूर भाज्या खा, सोलकढी प्या, पण बाटलीवर तो शब्द बघून वीस रुपये जास्त देऊ नका.

ह्याच विषयावर बाकीच्यांची पण पत्रं पडलीयेत म्हणून इथेच सांगून टाकते. ऑनलाइन मिळणारं टी ट्री, लवंग, दालचिनीचं तेल हे सासूबाईंच्या कढवलेल्या तेलासारखं नसतं, तो वाफेने काढलेला अर्काचाही अर्क असतो, कातडीला तसंच लावायचं नाही. १०० मिली नारळेलात २ मिली, म्हणजे साधारण ४० थेंब, ह्यापुढे जाऊ नका, चेहऱ्याला त्याच्या निम्मं, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट बघा. मुरुमांवर टी ट्रीला खरंच आधार आहे, १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर त्याचं ५ टक्के जेल बेंझॉइल पेरॉक्साइड ह्या मुरुमांच्या नेहमीच्या औषधासमोर लावून बघितलं, हळू काम केलं पण केलं, आणि जळजळ कमी. म्हणजे माणसावर तपासून मग बोलणं असतं ते असं. पण तेच तेल पोटात गेलं तर विष आहे. लवंग तेलाचं युजेनॉल दाताचे डॉक्टर सिमेंटमध्ये वापरतात, पण तेवढ्यावरून ते दुधाचे दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना चोळायचं नाही, पोटात गेलं तर लिव्हरला धोका. आणि सगळ्या आज्यांना हात जोडून सांगते, नारळेलात कापूर उकळून तान्ह्या बाळाच्या छातीला लावू नका, पोटात किंवा जास्त प्रमाणात अंगात गेला तर कापराने फिट येते, निलगिरीच्या तेलानेही येते. कडुलिंबाचं तेल जंतावर म्हणून पोरांना पाजणं पण बंद करा, त्यात पोरं दगावलीयेत.

बाटल्या काळपट काचेच्या, सावलीत. आपल्या दमट हवेत खिडकीच्या फळीवर ठेवलेलं सुगंधी तेल हवेने खराब होतं आणि मग जुनं तेल नव्यापेक्षा जास्त अंगावर उठतं. वास बदलला की टाकून द्या, महाग होतं म्हणून संपवत बसू नका.

तर वहिनी, घाबरता ते चूक नाही. तुमच्या घरात फक्त तुम्हालाच त्या जखमेकडे बघून पोटात गोळा आला, आणि तुम्ही विज्ञानाच्या नावाने स्वतःला गप्प करायला निघाला होतात. सासूबाईंसोबत बसमध्ये नवऱ्यालाही घ्या, डॉक्टर काय म्हणाले ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं, नाहीतर घरी येऊन तुम्हीच वाईट ठराल. तेलाची कृती मात्र सासूबाईंकडून लिहून घ्या, कुठला पाला, कधी तोडला, किती वेळ कढवला, वात कशी बघितली, सगळं. जखमेच्या ड्रेसिंगला तासभर बसावं लागतं तेव्हा हा विषय काढा, त्या सांगतील.

आणि भाच्याला म्हणावं, तो अल्कोहोलचा रिकामा कॉलम भर, मग सासूबाईंच्या वाटीतलं खरं तेल घेऊन परत ताटली लाव, आणि वहीचा नवा फोटो मला पाठव. नुसत्या अल्कोहोलचं वर्तुळ किती आलं ते मला खरंच बघायचंय.